माजी सैनिक, पीटीएसडी आणि दारू : आधी काय थांबवायचं?

खारीगाव_कळवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कळवा-ऐरोली पट्ट्यातल्या माजी सैनिकांच्या घरी देता येईल असं एक माहितीपत्रक करायचं आहे. विषय नाजूक आहे आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर बहुतेक टाकाऊ आहे. आमच्याकडे दोन गट आहेत. एक श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर (१९८७-९०) गेलेल्यांचा, आता साठीपुढचे. दुसरा कारगिलच्या (१९९९) आसपास किंवा नंतर काश्मीर खोऱ्यात राहिलेल्यांचा. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे पेन्शनवर आले आणि आता रबाळे-महापे एमआयडीसीत नाहीतर बँकेत गार्ड आहेत.

विचारायचंय ते असं. युद्धाचा आघात, म्हणजे पीटीएसडी (भयंकर घटनेनंतर मागे राहणारा मानसिक आजार), आणि दारू यांचा खरोखर संबंध आहे, की फौजेत सवय लागली एवढंच? किती पितो हे नेमकं कसं मोजायचं? घरच्या घरी बंद करता येते का? आणि मुख्य प्रश्न : एक डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडा मग बघू, दुसरे म्हणतात मूळ दुखणं बरं झालं की दारू आपोआप सुटेल. खरं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं. स्वतःचे अनुभव नकोत, पत्रकात घालता येईल असं हवं.

---

मनोविकार_ओपीडी

संबंध आहे आणि तो बहुतेकदा झोपेच्या वाटेने जातो. पीटीएसडीत माणूस झोपायला घाबरतो, कारण झोपेत तीच घटना परत येते. दोन-तीन पेग घेतले की डोळा पटकन लागतो, हे खरं आहे. पण दारू रात्रीच्या पहिल्या भागातली स्वप्नांची झोप दाबून ठेवते, आणि दारूची पातळी उतरायला लागली की पहाटे ती दाबलेली झोप दुपटीने उसळते. तीन-चार वाजता घामाघूम होऊन उठणं, छातीत धडधड, घरभर फिरून कड्या तपासणं हे त्यातलंच. मग परत झोप यावी म्हणून आणखी एक पेग. दारू झोपेचं औषध म्हणून सुरू होते आणि तीच झोप मोडते.

दुसरं, दारू आठवणी टाळायला मदत करते. पीटीएसडी जुना होतो तो टाळण्यामुळेच. गर्दी टाळायची, बातम्या टाळायच्या, युनिटमधल्या मित्राचा फोन टाळायचा. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यासमोर थांबून 'आता धोका नाही' हे मेंदू शिकतो. नशेत ते शिकणं होत नाही.

सवयीचा भागही आहेच. अमेरिकेत व्हिएतनामच्या माजी सैनिकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे ३० टक्के पुरुषांना आयुष्यात कधीतरी आणि सुमारे १५ टक्क्यांना अभ्यासाच्या वेळी, म्हणजे युद्ध संपून दशक उलटल्यावरही, पीटीएसडी होता. म्हणजे बहुसंख्य सैनिकांना तो होत नाही. पिणाऱ्या प्रत्येक फौजीवर ही चिठ्ठी चिकटवू नका. आणि आघात म्हणजे फक्त गोळीबार असंही नाही. हिमस्खलनातून मृतदेह काढणं, कॉन्व्हॉयचा अपघात, बराकीतल्या साथीदाराची आत्महत्या, यांनीही होतो.

मोजमापाबद्दल. 'किती घेता?' या प्रश्नाला 'दोनच' हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते दोन मापाचे नसतात. विचारायचं असं : बाटली किती दिवस पुरते? आपल्याकडची रम-व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. क्वार्टरमध्ये ६ पेग, ७५० मिलीच्या बाटलीत २५. बाटली तीन दिवस पुरत असेल तर रोजचे आठ पेग झाले, म्हणजे ८० ग्रॅमच्या वर. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे एकट्या बाटलीत चार पेग, तेव्हा 'बिअरच घेतो' हा दिलासा नाही. हा हिशेब करून मग जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची चाचणी भरा. ४० पैकी ८ किंवा जास्त आले तर धोका, २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची दाट शक्यता.

पीटीएसडीसाठी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी वापरतात. एकूण ८० गुण, ३१ ते ३३ च्या पुढे गेलं की नीट तपासणी हवी. रोज पिणाऱ्यात झोप, चिडचिड, एकाग्रता या प्रश्नांचे गुण दारूमुळेही फुगतात. म्हणून दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ती परत भरून घ्यावी. मात्र घटना डोळ्यांपुढे येणं आणि ती टाळणं ही लक्षणं नुसत्या दारूने येत नाहीत. ती असतील तर चार आठवडे थांबायची गरज नाही.

आता घरी बंद करण्याचं. पत्रकातला सर्वात ठळक परिच्छेद हा ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम ट्रेमेन्स : भलतंच दिसतं, माणूस कुठे आहे हे कळत नाही, ताप, नाडी धावते. यात उपचार नसतील तर माणूस दगावतो. फौजीच्या बाबतीत गोंधळ असा होतो की भासात तो 'मोर्चे सांभाळा' वगैरे ओरडतो आणि घरच्यांना वाटतं जुनं दुखणं उफाळलं. तारीख-वार भलतंच सांगत असेल, अंग तापलेलं असेल आणि हात कापत असतील तर ते भूतकाळाचं नाही, दारू तुटल्याचं आहे. १०८ बोलवा.

आधी कधी फिट किंवा असे भास झालेले असणं, सकाळी हात स्थिर करायला प्यावी लागणं, साठीच्या पुढचं वय, यकृताचा आजार, डोक्याला स्फोटाचा मार, यांतलं एक जरी असलं तरी दाखल करूनच दारू तोडायची. बाकीच्यांना घरी जमतं, पण रोज डॉक्टर बघणार, घरात एक शुद्धीवरचं माणूस चोवीस तास असणार आणि क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या (बेन्झोडायझेपिन वर्गातल्या, शांत करणाऱ्या) गोळ्या एक-दोन दिवसांच्याच हातात मिळणार, या अटींवर. त्या पाच-सात दिवसांत उतरवत बंद करतात. यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही, ती नाडी आणि थरथर बघून रोज बदलते.

आणि ग्लुकोजची बाटली! 'अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा' म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, संपत आलेलं असतं. अशात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि वेर्निकेचा आजार होऊ शकतो : डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, गोंधळ होतो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा निदान सोबत, हे नातेवाइकांनी बोलून दाखवायला हरकत नाही.

---

समुपदेशक_वाशी

डॉक्टरांनी पाया घातलाच आहे, मी 'आधी कोणतं' यावर लिहिते.

'आधी सहा महिने कोरडे राहा, मग आघाताचं बघू' हा जुना शिरस्ता. भीती अशी की घटना उकरली तर माणूस पुन्हा बाटलीकडे जाईल. ही भीती तपासून झाली आहे. २०१३ मध्ये १६५ जणांवरच्या अमेरिकन चाचणीत प्रोलाँग्ड एक्सपोजर (टाळलेल्या आठवणींना आणि जागांना पायरीपायरीने सामोरं जाण्याचा उपचार) घेणाऱ्यांचं पिणं त्यामुळे वाढलं नाही. २०१९ मध्ये ११९ माजी सैनिकांवरच्या चाचणीत आघातावर थेट काम करणारी पद्धत पीटीएसडीसाठी सरस ठरली आणि दारू ती पद्धत असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत कमी झाली. 'मूळ दुखणं गेलं की दारू आपोआप जाईल' हेही खरं नाही. दहा-पंधरा वर्षं प्यायल्यावर दारूचं स्वतःचं दुखणं झालेलं असतं. तेव्हा उत्तर : शरीरातून दारू सुरक्षितपणे काढायची, ते आठवड्याभराचं काम. त्यानंतर दोन्ही बरोबर.

कोप नावाची पद्धत याच जोडदुखण्यासाठी बनवलेली आहे. १२ सत्रं, प्रत्येकी ९० मिनिटांची. अर्धा वेळ तल्लफ ओळखणं आणि पिण्याला नकार देणं, अर्धा वेळ आघातावर. त्यात दोन कामं असतात. पहिलं, घटना डोळे मिटून वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगणं. ते मोबाइलवर रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. दुसरं, टाळलेल्या जागांची शिडी. प्रत्येक पायरीला ० ते १०० असा घालमेलीचा आकडा द्यायचा. ठाण्यातल्या माणसाची शिडी अशी असू शकते : तलावपाळीवर सकाळी फेरी (२५), हॉटेलात दाराकडे पाठ करून चहा (४०), गावदेवी मंडईत संध्याकाळी भाजी घेणं (५५), सहाच्या गर्दीत ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहणं (७५), विसर्जन मिरवणूक (९०). पायरीवर घालमेल निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, साधारण अर्धा-पाऊण तास.

इथेच काम फसतं. लोक ७० ला पोचले की घरी पळतात, आणि मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. दुसरी फसवणूक अधिक लपलेली : माणूस मंडईत जातो खरा, पण भिंतीला पाठ लावून उभा राहतो, बायकोचा हात सोडत नाही, खिशात 'गरज पडली तर' म्हणून गोळी असते. असल्या कुबड्या एकेक करून काढाव्या लागतात. आणि एक्सपोजरच्या आधी किंवा नंतर एक घोटही नाही. नंतरचा घोट 'बक्षीस' म्हणून घेतला जातो आणि सगळं धुऊन नेतो.

पहिले तीन आठवडे सगळ्यात नाजूक. दारू थांबली की दाबलेली स्वप्नं उसळतात, आधीपेक्षा वाईट. घरच्यांना आणि त्यालाही वाटतं, औषधाने बिघडलं. हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस टिकतो, नाही सांगितलं तर दहाव्या रात्री बाटली उघडतो. दहीहंडी, विसर्जन, दिवाळी यांच्या ऐन तोंडावर दारू तोडायची तारीख धरू नका. फटाके, थरांचा गलका आणि डीजे हे सगळं त्याच आठवड्यात नको.

स्वप्नात ओरडत असेल तर जवळ जाऊन हलवू नका, हात चालतो. दिवा लावा, पायाकडच्या बाजूला उभं राहून नावाने हाक मारा, 'तुम्ही कळव्याला घरी आहात' असं सांगा. प्यायलेला असताना दारूवर वाद नको, तो सकाळी. आणि रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतू नका. डॉक्टर वर जी फिट म्हणाले, ती पुष्कळदा अशा रात्रीनंतरच्या दिवशी येते.

---

औषधवाला_नेरूळ

औषधांवर थोडं, काउंटरच्या अलीकडून.

चहात मिसळायची 'दारू सोडवणारी पावडर' : तिच्यात डायसल्फिराम असू शकतं. न सांगता दिलं आणि त्यावर तो प्यायला तर चेहरा लाल, उलट्या, बीपी कोसळणं, हृदयरोग असेल तर जीवावर. हे औषध सांगूनसवरून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनीच सुरू होतं, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. कफ सिरपातलं अल्कोहोलही चालत नाही.

नाल्ट्रेक्सोन ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा. तल्लफ आणि पिण्यातली मजा कमी करतं. यकृताची तपासणी आधी. पण आपल्या मंडळींच्या गुडघ्याला-कमरेला ट्रामाडॉल हे वेदनाशामक चालू असतं, आणि ते नाल्ट्रेक्सोनबरोबर चालत नाही. आधी ७ ते १० दिवस बंद हवं. ट्रामाडॉल फिटचा धोकाही वाढवतं, तेव्हा दाखल करतानाच दाखवा. अकॅम्प्रोसेट, हेही दारूपासून दूर राहायला मदत करणारं, ३३३ मिग्रॅच्या दोन गोळ्या तीन वेळा. यकृत खराब असलेल्यांना सोयीचं, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघूनच. दिवसाला सहा गोळ्या आहेत, दुपारची हमखास चुकते. डब्यात भरून द्या.

प्राझोसिन दुःस्वप्नांसाठी देतात. २०१८ ची ३०४ माजी सैनिकांवरची चाचणी निराशाजनक होती, औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा फरक नाही. तरी काहींना दिलं जातं. रात्री १ मिग्रॅने सुरू. साठीपुढच्यांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन असतंच, दोन्ही मिळून रात्री लघवीला उठताना चक्कर येऊन पडतात. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून उठायचं.

अल्प्राझोलाम : 'झोपेची साधी गोळी' म्हणून चिठ्ठीशिवाय मागतात. हीही वरच्याच बेन्झोडायझेपिन वर्गातली. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी या वर्गातल्या गोळ्या देऊ नका असं स्पष्ट आहे. दारूवर घेतली तर श्वास मंदावतो. वर सांगितलेल्या पाच-सात दिवसांपलीकडे त्या गोळ्यांना इथे काम नाही. पीटीएसडीची नेहमीची औषधं सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन. चार-सहा आठवडे लागतात, आणि लैंगिक तक्रारीमुळे मधेच गुपचूप बंद केली जातात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगावं.

---

घोडबंदर_रोड

सगळं ठीक, पण माणूस ऐकतच नसेल तर? गाडी पाठवून उचलून नेणारी केंद्रं आहेत, महिन्या-दोन महिन्यांत सरळ करतात म्हणे. कधी कधी कडक इलाजच लागतो.

---

मनोविकार_ओपीडी

साहेब, हे अजिबात करू नका. मध्यरात्री चार दांडगे घरात शिरून एखाद्या पीटीएसडीच्या माणसाला धरतात तेव्हा त्याच्यासाठी तो हल्ला असतो. एकतर तो लढतो आणि कोणीतरी जखमी होतं, किंवा जुन्या आघातावर नवा बसतो. शिवाय तिथे पोचल्यावर दारू एकदम तुटते आणि रात्री बघायला नर्स नसते.

कायद्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ : नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने बोलणारा, बहुतेकदा घरचाच माणूस) अर्ज, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत केलेली तपासणी, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. तेही जिवाला गंभीर धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेता येत नसेल तर. 'पितो म्हणून' एवढ्यावर नाही. केंद्र निवडताना विचारा : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री नर्स कोण, फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता. चौथ्या प्रश्नाला अडखळले तर उठून या.

---

पेन्शन_कागदपत्र

कुठे जायचं ते माझ्याकडून. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर ज्या पॉलिक्लिनिकला ते जोडलंय तिथून रेफरल घ्यायचा. सर्व्हिस हॉस्पिटल (सैन्यदलांचं रुग्णालय) हवं असेल तर कुलाब्याचं नौदलाचं आयएनएचएस अश्विनी. फिट, बेशुद्धी अशा तातडीत जवळच्या रुग्णालयात आधी दाखल करा. ते योजनेच्या पॅनेलवर नसेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिल अडकतं. कार्ड नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी. नावाला बिचकू नका, ओपीडीत गेलं म्हणजे दाखल होत नाही. फोनवर : टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. याच सेवेचा सशस्त्र दलांसाठीचा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय) आहे. व्यसनाची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

बरोबर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची) प्रत न्या. त्यातल्या वैद्यकीय कॅटेगरीत एस-२ किंवा एस-३ लिहिलं असेल तर ते मानसिक कारणाचं आहे, डॉक्टरांना अर्धा इतिहास तिथेच मिळतो. नोकरीत असताना याच कॅटेगरीच्या भीतीने बरेच जण बोलत नाहीत. पेन्शनवर आल्यावर उपचार घेतले म्हणून मिळत असलेली सर्व्हिस पेन्शन कमी होत नाही, हे पत्रकात मोठ्या अक्षरात टाका.

---

खारीगाव_कळवा

सर्वांचे आभार, पत्रकाचा ऐवज झाला. दोन शंका उरल्या. नाइट ड्युटीवाला गार्ड सकाळी आठला सुटतो आणि नऊला पितो. 'सकाळी प्यावी लागते' यात तो धरायचा का? आणि लष्करी कँटीनमधून दर महिन्याला मिळणाऱ्या दारूच्या कोट्याचं काय करावं?

---

मनोविकार_ओपीडी

त्याची सकाळ ही त्याची रात्र आहे, म्हणून घड्याळ बघू नका. झोपून उठल्यावर, म्हणजे संध्याकाळी, हात स्थिर करायला लागते का ते विचारा. लागत असेल तर धरायचा. त्यातही मोठा धोका वेगळा आहे. दहाला शेवटचा पेग घेतला तर रात्री बारा-दोनच्या सुमाराला १४-१६ तास झालेले असतात. ऐन ड्युटीवर थरथर, घाम, दचकणं, आणि हातात बारा बोअरची बंदूक. असा माणूस उपचार सुरू होईपर्यंत हत्यारी ड्युटीवर नको. परवाना स्वतःच्या नावावर असेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते, निवडणुकीच्या वेळी करतात तशीच. पावती घ्या. मरणाची भाषा करत असेल तर हे दारू तोडण्याच्याही आधी, त्याच दिवशी. काडतुसं वेगळी ठेवून भागत नाही.

---

समुपदेशक_वाशी

कोट्याचं मी सांगते. कार्ड हिसकावून घेऊ नका, तो त्याचा मान आहे आणि भांडण त्यावरच पेटतं. लिकर कार्ड वेगळं असतं, ते त्याने स्वतः बायकोकडे किंवा मुलाकडे ठेवायला द्यावं, किराण्याचं चालू राहू द्यावं. महिन्याचा कोटा घेतलाच पाहिजे असं नाही. अडचण आणि एक आहे : 'मी पीत नाही, पण शेजाऱ्यासाठी आणतो' म्हणत बाटल्या घरात येतात. पहिले तीन महिने तेही बंद. आणि कँटीनची फेरी हाच महिन्यातला जुन्या दोस्तांना भेटण्याचा एकमेव दिवस असेल तर तो काढून घेऊ नका. तुमच्या संघटनेची बैठक त्याच दिवशी, त्याच सुमाराला ठेवता आली तर बघा.